उत्तर येईपर्यंत

आमच्या तालुक्याच्या गावी मी दुपारी बायकांना कॉम्प्युटर शिकवते. वैशालीताई त्यांतल्याच एक. त्या शिवणकाम करतात आणि बोलताना अडखळतात. त्यांचा शब्द अडला की बाकीच्या तो पुरा करून टाकतात. मीही करायचे, आणि त्याला मदत समजायचे.

त्या दिवशी आम्ही पहिला प्रोग्रॅम लिहिला. तो नाव विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. वैशालीताईंनी एक अक्षर टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. पडद्यावरची रेघ शांतपणे लुकलुकत राहिली.

"मॅडम, हा कि... कि..."

"किती वेळ थांबतो? तुम्ही एंटर दाबेपर्यंत. कितीही वेळ."

त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदलू लागल्या. मग त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर त्यांचा प्रश्न होता: "तुम्ही माझं वाक्य मध्येच का पूर्ण करता?"

थांबणं म्हणजे समोरच्याकडे त्याचं स्वतःचं उत्तर आहे, हे मानणं. नुकतंच मी हेच एका यंत्राला करायला लावलं होतं.

मी "सवय" असं लिहिलं आणि खोडलं. "मदत म्हणून" लिहिलं, तेही खोडलं. वैशालीताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एकही शब्द सुचवला नाही. शेवटी "चुकलं माझं" लिहून मी एंटर दाबलं.

"च... चालेल," त्या म्हणाल्या. "आता पु... पु... पुढचं शिकवा."

त्यांचं वाक्य संपल्यावर मी फळ्याकडे वळले.