डब्यातून निघालेलं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. कारखान्यातल्या पोरांना तर नाहीच — ती अजून माझ्या शब्दावर डोळे मिटून चालतात.

आणि आधीच सांगून टाकतो, भांगेची मला लाज वाटत नाही. शिवरात्रीला आमच्या घरी भांग घोटतात, मीच घोटतो. त्या वर्षी शिवरात्र रविवारी आली होती. सुटी माझी, अंगण माझं, गिलास माझा — कारखान्याचा त्यात काय संबंध? कामाच्या आठ तासांत माझा पाय लटपटला तर खुशाल हाकला. पण सुटीच्या दिवशी माझ्या पोटात काय गेलं, ते बाटलीत धरून बघायचा हक्क यांना कोणी दिला? हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. गेटवरच्या सभेत मोठ्यानं म्हणतो, टाळ्या पडतात.

मग म्हणायची खरी वेळ आली तेव्हा काय झालं? तेच तर सांगायचंय — आणि बघा, अजून इकडंतिकडंच फिरतोय.

कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मी टाइम ऑफिसात आहे. हजेरी, पाळ्या, गेटपास — सगळं माझ्याकडं. नशेची तपासणी सुरू झाली तेव्हा माणसं साहेब लोक निवडायचे. ज्याच्याशी वाकडं, त्याचीच लघवी. एक दिवस लोक गेटवर बसले, काम थांबलं. शेवटी ठरलं की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि दर सोमवारी गेटवर, सगळ्यांदेखत, पाच काढायच्या. निघालेली चिठ्ठी डबा रिकामा होईपर्यंत परत टाकायची नाही. पण काढायच्या कोणी?

"वामनभाऊ काढतीन!" मागून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. "ते सोताच्या पोराचंबी नाव लपवणार नाई!"

हशा झाला. मीही हसलो. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. माझी पण.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी चार नावं वाचली. पाचवी चिठ्ठी उघडली आणि तिच्यावर मी होतो, माझ्याच अक्षरात.

किती वेळ गेला असेल? दोन श्वास. भांग आठ-आठ दिवस लघवीत दिसते, हे मला ठाऊक होतं. समोर लोक उभे होते. मी तोंड उघडलं आणि वाचलं —

"दिवाकर, क्रेन."

दिवाकरच का? तो आमच्यातला सगळ्यात साधा माणूस. सुपारी-तंबाखूचा खर्राही न खाणारा. त्याची बाटली स्वच्छ निघेल, कोणाचं काही बिघडणार नाही, अशी समजूत मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची घालत आलो. त्या दोन श्वासांत एवढा विचार कुठला? मी स्वतःला वाचवलं, बस.

क्षणभराची चूक म्हणाल? नका म्हणू. जेवणाच्या सुटीत मी टाइम ऑफिसाला आतून कडी लावली, डबा टेबलावर उपडा केला, दिवाकरची चिठ्ठी शोधून काढली आणि फाडली. माझी घडी घालून परत आत टाकली. डबा जागेवर ठेवून जेवायला गेलो.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. दिवाकरच्या नमुन्यात गोळ्या निघाल्या. मन शांत राहावं म्हणून देतात, त्या. चंद्रपूरच्या डॉक्टरकडं तो दोन वर्षं जात होता, सुटीच्या दिवशी, एसटीनं. घरी सांगायचा, ओव्हरटाइम आहे. आता त्याला डॉक्टरचा कागद आणून दाखवावा लागला. कागद चार टेबलांवरून फिरला, त्यातलं एक टेबल माझं. गोळ्या कशासाठी होत्या ते मी इथे लिहिणार नाही. एकदा गावभर झालंय, तेवढं पुष्कळ.

नशा करत नाही, हे सिद्ध झालं. तरी क्रेनवरून उतरवून त्याला गोदामात रिकामी पोती बांधायला बसवलं. कँटीनमध्ये सुरू झालं — "काऊन बे दिवाकर, आजची गोळी घेतली का?" मी त्याच टेबलावर जेवत असायचो. मान खाली घालून. मग लाजेनं त्यानं गोळ्याच बंद केल्या. पुढं पुढं सायकलनं गेटपर्यंत यायचा, एक पाय टेकवून उभा राहायचा, आणि तिथूनच परत फिरायचा. शेवटी राजीनामा दिला.

गेटपास जमा करायला माझ्याकडंच आला.

"भाऊ, एवढ्या मोठ्या डब्यातून माहीच निघाली पाहा."

मी म्हटलं, "नशीब असते बा."

"तुमच्या हातानं निघाली म्हून मले कोणाचा राग नाई. साहेबानं काढली असती तं म्हटलं असतं, मुद्दाम काढली."

मी पास घेतला. सही घेतली. चहा विचारला — चहा!

त्याला निदान राग तरी करता आला असता. तोही मी ठेवला नाही.

कोणी म्हणेल, वामनभाऊ, तपासणीच तशी, तुम्ही काय करणार? ही सहानुभूती मला नको. तपासणी वाईटच आहे, तिच्याशी मी भांडतो आणि भांडत राहीन. पण त्या सोमवारी डबा खरं बोलला होता. खोटं मी बोललो.

दिवाकर आता चिमूरकडं मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीवर असतो. त्याला झोप लागते की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी गेलेलो नाही. डबा अजून माझ्याच हातात आहे. लोक अजून म्हणतात, वामनभाऊच काढतीन.

दिवाकरला मी एक नाव देणं लागतो. त्याच गेटवर, त्याच लोकांसमोर, मोठ्यानं वाचलेलं — वामन, टाइम ऑफिस. ते मी अजून वाचलेलं नाही.