माधवरावांचा दुधी

कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा माधवराव पन्नाशीचेही नव्हते. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती यांची! काही दिवस ते पेपर पाठ करत बसले आणि मग कात्रजच्या घरामागच्या मोकळ्या जागेत कुदळ घेऊन उतरले. "आता भाजीवाल्याच्या पोटावर पाय आणणार वाटतं," हेमाबाई म्हणाल्या. पण उन्हाळ्यात गवार, भेंडी, काकडी अशी काही आली, की त्याच हेमाबाई ती ऑफिसात नेऊन मिरवू लागल्या. दुधीचा वेल म्हणजे माधवरावांचा जीव की प्राण. चणाडाळ घातलेली दुधीची भाजी हा माणूस दोन्ही वेळा खाई आणि वर विचारी, "उरलीय का गं थोडी?"

हेमाबाईंचं बागेशी नातं खाण्यापुरतं. स्वारगेटहून बस घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असे. संध्याकाळी नवरा मागे काय करतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

एका वर्षी बिया लावून झाल्या आणि माधवरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगा केदार अमेरिकेहून आठवडाभर येऊन गेला. सॉफ्टवेअरच्या नोकरीत त्याहून जास्त रजा कुठली? हेमाबाईंनी मात्र लांब रजा टाकली. आवडीचं काही मऊ करून भरवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी मनाशी धरलं, यांच्याच वेलाचा दुधी यांना खाऊ घालायचा.

रोज सकाळी त्या पाणी घालत, शेणखत घालत. भेंडी तोडावी तितकी येत होती. दुधीला मात्र बोटभर फळं दिसत, पिवळी पडत आणि गळून जात. बाजारच्या दुधीची भाजी केली, तर माधवरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

दिवेलागणीला ते फार अस्वस्थ होत. डावा हात खिडकीकडे नेत, अंगठ्यावर बोट फिरवत, घशातून आवाज काढत. हा इशारा हेमाबाईंना पाठ होता. तंबाखू! कंपनीतली सवय, डॉक्टरांनी आता बंद केलेली. "अहो, अंथरुणाला खिळलात तरी सुटेना का ती? मिळायची नाही!" म्हणत त्या डासांसाठी खिडकी लावून घेत. एकदा तर त्यांनी तो हात पांघरुणाखाली दाबून धरला. माधवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही हेमाबाईंनी तंबाखूच्याच खात्यावर मांडलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली. जीव उकडून निघाला, म्हणून खिडकी उघडीच राहिली. हेमाबाई गजांपाशी गेल्या आणि बघतच राहिल्या. सकाळी मरगळलेली दिसणारी दुधीची फुलं आता पांढरीशुभ्र उमलली होती. मागून आवाज आला. वळून पाहिलं, तर तोच हात, तीच बोटं. चिमटीत काहीतरी नाजूक धरून ती दुसऱ्या कशावर तरी टेकवत होती.

"फूल?" हेमाबाई म्हणाल्या. "फुलाला फूल लावायचं?"

माधवरावांनी जोरजोरात होकाराची मान हलवली.

त्या धावत मागे गेल्या. खिडकीतून एकेक फूल दाखवलं आणि त्यांची मान हलेल तसं, मागे फळ नसलेलं नुसतं फूल खुडून, देठाशी इवलंसं फळ असलेल्या फुलावर टेकवलं. समोर इमारती उठल्यापासून वेलावर फुलाफुलांत पराग नेणारे रात्रीचे पतंग येईनासे झाले होते. त्यांचं काम हा माणूस रोज हाताने करत होता.

दुधी धरला. "आता मला सगळं सांगायचं हं," असं बजावून हेमाबाई रोज त्या हातापाशी बसू लागल्या. बोटं सांगत, त्या चुकत आणि माधवराव अर्ध्या तोंडाने हसत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याशी एवढ्या गप्पा त्यांनी कधी मारल्या नव्हत्या.

दुधी काढायच्या आदल्या दिवशी दुसरा झटका आला. माधवराव हॉस्पिटलातून परतले ते नाकात नळी घेऊन. डावा हातही गेला होता. मागे वेलावर दुधी जून होऊन गेला.

आता खिडकी संध्याकाळभर सताड उघडी असते. डास दोघांनाही फोडून काढतात. हेमाबाई तो हात हातात घेऊन बसतात, बोटं एकेक करून उघडतात, मिटतात.

"आणखी काय सांगत होतात हो?" त्या विचारतात. "बोला ना. निदान रागवा तरी माझ्यावर."

त्या बोटं सोडतात आणि ती चादरीवर पडतात.