वाढप्यांची पंगत

मी आमच्या गिरीज गावाहून कॅनडाला निघालो त्या दुपारी आईने मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं. एकट्याला. दादा, वहिनी, सोडायला आलेले मामा, सगळे ओट्यावर ताटकळत होते आणि मी आत पाटावर बसून वालाचं बिरडं गिळत होतो. आई समोर बसून म्हणत होती, "सावकाश जेव, गाडी थांबेल." एरवी जेवताना या बाईने मला "आटप लवकर आणि वाडीत पाणी सोड" याखेरीज काही सांगितल्याचं आठवत नाही. मला ते प्रेम वाटलं. प्रेम होतंच. पण माझा पाहुणचार त्या दुपारी सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, म्हणजे मुख्यतः माझ्या थोरल्या भावासाठी. आणि माझ्यासारखे जे निघून गेले आणि बॅगा भरभरून चॉकलेटं घेऊन परत येतात त्यांच्यासाठीही. तुमचंही असंच होतं का, एवढंच मला विचारायचंय.

एडमंटनला माझं बरं चाललंय. वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, टाउनहाऊस आहे, ड्राइव्ह-वेवरचा स्नो मी स्वतः फावड्याने ओढतो. गावी येताना माझी मागणी अगदी साधी असते. सकाळी सायकलवर पाववाला आला की बनियनवर बाहेर जावं, कोळणीशी घासाघीस करावी, संध्याकाळी केळीत पाणी सोडावं. पण छे. मी उठायच्या आत पाव आलेला असतो आणि त्याला मस्काही लागलेला असतो. मासळी ताटात येते ती काटे काढून. कालवणात तिखट कमी, पाणी बाटलीचं. स्कूटरची चावी मागितली की वहिनी म्हणते, "भाऊजी, आता ट्रॅफिक पूर्वीसारखं नाही राहिलं हो." अर्धं वर्ष बर्फावर गाडी चालवणाऱ्या माणसाला हे लोक गिरीजच्या रस्त्याची भीती घालतात. डोकं फिरतं माझं.

यंदा मी मुद्दाम मार्गशीर्षात आलो. डोंगरीवरच्या दत्ताची जयंती मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. पायथ्याला खाज्या-मिठाईची दुकानं, फुगेवाले, रस्त्यात आडव्या लावलेल्या मोटारसायकलींचे नंबर ओरडून सांगणारा लाउडस्पीकर, आणि दुपारी महाप्रसाद. भात, वरण, वाल-वांग्याची भाजी, बुंदी. हे जेवण वाढायचं काम आमच्या आळीचं. वरणाची बादली पहिल्यापासून माझ्या हातात असायची आणि सगळ्या वाढप्यांवर हुकूम दादाचा.

सगळं गाव जेवून उठलं की वाढप्यांची पंगत बसायची. सगळ्यात शेवटची, आणि त्या पंगतीसाठीच मी राबायचो. तोवर भाजीची खरवड उरलेली असायची, वरण पाणी घालून वाढवलेलं असायचं. पण घामेजलेल्या बनियनवर मांडी ठोकून बसायचं, आमच्या वाडवळी बोलीत एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची आणि भरपूर जेवायचं. एका वर्षी माझ्या हातून एका आजोबांच्या धोतरावर वरण सांडलं. दादाने भर मांडवात आवाज चढवला, "डोळे काय दुकानात ठेवून आलास रे गाढवा?" सगळा मांडव हसला. त्या दिवशी शेवटच्या पंगतीत माझ्या पानावर बुंदीचा ढीग घालणाराही दादाच होता.

तर यंदा मी म्हटलं, वरण मी घेतो. दादा घुटमळला. "कशाला दगदग? तू बस ना पहिल्या पंगतीला." मी ऐकलं नाही. लुंगी वर खोचली, बादली उचलली आणि निघालो.

आमच्याकडे वाढपी कधी विचारत नाही. तो वाढत जातो. ज्याला नको तो पानावर हात आडवा धरतो. हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण न विचारता कोणाच्या ताटात काही घालणं एडमंटनला उद्धटपणाचं. ती सवय माझ्या अंगात कधी मुरली मलाच कळलं नाही. मी प्रत्येक पानापाशी थांबून, वाकून विचारायला लागलो, "काका, वरण वाढू का?"

आता असं तोंडावर विचारल्यावर हो कोण म्हणेल? काका संकोचले. म्हणाले, "नको, पुरे." त्यांचा भात कोरडाच. पुढचे म्हणाले, "राहू दे." त्यांच्या पुढच्या मावशी नुसत्या हसल्या. मी आपला खुशीत पुढे सरकतोय. पंगतीच्या त्या टोकाला तोवर कुजबुज पोचली होती की वरण संपत आलंय. आया पोरांना दटावत होत्या, वरण मागू नका म्हणून. शेवटी आचारी झारा घेऊनच बाहेर आला, कारण आत दोन टोप काठोकाठ भरलेले होते आणि बाहेर लोक बुंदीशी भात खात होते.

माझा शाळेपासूनचा मित्र हेमंत भाजी घेऊन मागून येत होता. तो खेकसला, "विचारतोस काय येड्या, ओत ना!" मला केवढं बरं वाटलं. पण मी वळून पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे, तुला आता सवय नाही ना," असं काहीतरी तो पुटपुटला.

मग दादा आला. मी चक्क वाट बघत होतो, आता हा मला भर मांडवात सोलणार. त्याने माझ्या हातातून बादली हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "दमलास तू. बस जरा खुर्चीवर."

खुर्चीवर! मी बसलो नाही. शेवटची पंगत बसेपर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. सगळे वाढपी बसले, हसणं सुरू झालं. वाडवळीत माझ्या वरणाचीच टर उडवत असणार. माझ्यासाठी कोणीतरी टेबल आणून ठेवलं होतं. ते सारून मी हेमंतच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली. हसणं थांबलं. एकाने शुद्ध मराठीत विचारलं, "तिकडे थंडी फार असते, नाही का?" मी म्हटलं, असते.

दादा वरण घेऊन आला. हेमंतच्या पानावर त्याने न बघताच पळीभर ओतलं. मग माझ्यापाशी थांबला, किंचित वाकला आणि विचारलं, "वाढू का तुला थोडं?"

मी म्हटलं, "पुरे."

मी तसाच कोरडा भात खाल्ला. दादाचा राग आला, आणि राग येण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं म्हणून जास्तच आला. लोक म्हणतात घर म्हणजे मायेची जागा. माया मला विमानतळापासून मिळते, हारासकट. माझ्यापुरतं घर म्हणजे जिथे माझी चूक झाली तर माझ्यावर कोणी ओरडेल ती जागा. गिरीजमध्ये मला ती कुठे सापडली नाही आणि एडमंटनमध्ये मी ती शोधतही नाही.

परत आल्यावर एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी दादाला हे सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पुढच्या खेपेला चुकलो तर चारचौघांत शिवी घाल मला, पूर्वी घालायचास तशी. मी वाट बघेन.

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "हो हो, नक्की. तू म्हणशील तसं." बँकेतल्या साहेबांशी तो याच आवाजात बोलतो.