एक्स्पायरीची ओळ

मला रशियन वाचता येतं, अशी थाप मी बोईसरला कामाला लागल्यावर आमच्या सातपाटी गावभर मारली होती. अगदीच थाप नव्हती म्हणा. आमच्या कारखान्यातून औषधाच्या गोळ्या रशियाला जायच्या आणि मी होते पॅकिंगला. दिवसभर तीच खोकी डोळ्यांसमोर, त्यामुळे अक्षरं आपोआप लागली. इंग्रजी पी दिसतो तो र, एच दिसतो तो न. खोक्याच्या खालच्या कडेला ‘गोदेन दो’ असं छापलेलं असायचं, त्याच्यापुढे आम्ही तारखेचा शिक्का मारायचो. सुपरवायझरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ही एक्स्पायरीची ओळ. इथे चुकलात तर सगळा माल परत येईल.” झालं, गोदेन म्हणजे एक्स्पायरी. कुणाच्या डब्यातली भाजी आंबली तरी आमच्या बायका ओरडायच्या, “अगो, तुजी भाजी गोदेन झाली!”

माझा धाकटा भाऊ तिकडेच डॉक्टरकी शिकत होता, शिष्यवृत्तीवर. गेला एका देशात आणि काही वर्षांत त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपून दुसऱ्या देशात राहायला लागला. देशच फुटला तिकडे! त्याच्या पत्रांतली गंमत हळूहळू आटली. पावासाठी रांगा, डॉक्टरांना महिनोन्‌महिने पगार नाही. ‘दवाखान्यावरचा झेंडा बदलला, पाटी बदलली, आतली कपाटं रिकामी,’ असं त्याने लिहिलं होतं. ‘लोकांचा कुठल्याच सरकारवर विश्वास उरला नाही, लस टोचून घ्यायलाही घाबरतात. घटसर्प पसरलाय, ताई. मोठी माणसंसुद्धा जातायत.’ आमच्याकडेही रशियाच्या ऑर्डरी थांबल्या होत्या. तिकडे औषध नाही आणि इकडे छापलेली खोकी गोदामात पडून, नुसता संताप व्हायचा माझा!

आईला वाचता येत नव्हतं. पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि नको ते गाळायचे. घटसर्प मी गाळला.

त्यानंतर पत्रच आलं नाही. महिना गेला, दुसरा लागला. पोस्टमनची सायकल दिसली की मी दारात जायचे, आणि ती पुढे गेली तरी तिथेच उभी राहायचे.

मग एका सुट्टीच्या सकाळी पाकीट आलं. पत्ता परक्या अक्षरात. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, फक्त एक छापील दाखला. अक्षर अक्षर लावत मी वाचलं. भावाचं नाव. त्याखाली ‘दिफ्तेरिया’. म्हणजे घटसर्प, हे कुणी सांगायला नको होतं. आणि सगळ्यात खाली गोल शिक्का, तारीख, आणि तारखेच्या आधी तो शब्द. गोदेन.

आमच्याकडे माणूस गेला की शिकलेले लोक आवाज खाली करून म्हणतात, ‘एक्स्पायर झाले.’

आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने तिथूनच विचारलं, “काय लिवलंय गो? बरा हाय ना?”

मी कागदाकडे बघत म्हटलं, “बरा हाय. ठणठणीत हाय असंच लिवलंय. डॉक्टरांनी शिक्का मारलाय.”

“मग तुजा आवाज असा का?”

“घसा बसलाय.”

ती पुन्हा बोंबलांकडे वळली. त्या दिवशी तिने त्याच्या नावाने देवापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो मी तिच्या नकळत बाजूला ठेवला. तिला कधी सांगायचं, कसं सांगायचं, आणि सांगितल्यावर तिचं काय होईल, या भीतीने मी दिवसभर तिच्यासमोर उभीसुद्धा राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्या गेल्या निर्यातीचे कागद बघणाऱ्या साहेबांपुढे तो दाखला धरला. त्यांना खरोखरची रशियन येत होती. त्यांनी तो वाचला आणि हसून म्हणाले, “अहो, रडताय काय? घटसर्प होऊन गेला, आता शिकायला लायक आहे असं लिहिलंय.”

“पण गोदेन?”

“गोदेन म्हणजे चांगला, लायक. खोक्यावर ‘गोदेन दो’ असतं ना, त्याचा अर्थ अमुक तारखेपर्यंत चांगलं.”

इतकी वर्षं आम्ही चांगल्यालाच वाईट म्हणत होतो! अर्धी रजा टाकून मी एस.टी.ने घरी आले. आई दारातच होती. मी लांबूनच ओरडले, “आई, तो खरंच बरा हाय गो! खरंच!”

आईच्या हातातली टोपली खाली आली. “खरंच म्हंजे? मग काल काय व्हतं?”

मी सगळं सांगितलं. तिने एक अक्षर ऐकलं नाही. काल खोटं बोललेली मुलगी आज खरं बोलतेय, हे तिने कशावरून धरायचं? तीन आठवडे ती घासभर जेवून उठायची. सायकलची घंटी वाजली की माझ्या आधी दारात जायची. आता भीती तिची होती, आणि ती मीच तिला दिली होती.

शेवटी त्याच्या अक्षरातलं पत्र आलं. मी हात पुढे केला, तर ते पोटाशी धरून ती शेजारच्या गुरुजींकडे गेली. मी मागोमाग. गुरुजींनी वाचलं, ‘आजारात हात थरथरत होते, लिहवेना. तुम्ही घाबराल म्हणून मित्राला म्हटलं, नुसता दाखलाच टाक पोस्टात. माझ्या ताईला रशियन वाचता येतं.’

आई तिथेच रडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याचं एकही पत्र तिने मला वाचायला दिलं नाही.