बैलाइतकी सुट्टी

हिंगोलीच्या कापूस बाजारात मी गाडी रिकामी केली, बैलांना पाणी दाखवले आणि कासरा वडिलांच्या हातात दिला. वाशीमची लारी शेजारीच उभी होती. मी तिच्यावर क्लीनर म्हणून चढणार, हे त्यांना तेव्हाच कळले.

"काहून?" आबांनी विचारले.

"लारी शिकायला."

"जाऊन राहिला तर जा. मंग गाडीवर बसायला येऊ नको."

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. शिरड शहापूरला आमची शेती थोडी होती. घर चाले ते भाड्याच्या बैलगाडीवर. लाऱ्या आल्या आणि कापसाचे भाडे त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यामुळे गावाने मला फितूर ठरवले. जे गावात मागे राहिले त्यांना हे आठवत असेल. फितूर झालो असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. रस्ता तोच होता, ओझेही तेच होते.

कनेरगाव नाका ओलांडला की निजामाची मोगलाई संपे आणि वऱ्हाड लागे. तिकडे नाणे वेगळे, बोली वेगळी. क्लच, गेअर, ब्रेक हे शब्द तोंडात लवकर बसले, हातापायांत उशिरा. पहिल्यांदा चाक हाती आले तेव्हा एक गाय आडवी आली. मी "हो, हो!" ओरडत स्टिअरिंग छातीकडे ओढले. लारी बाभळीवर जाऊन थांबली. शिकवणारे उस्ताद हसत खाली उतरले. "अरे पटेल, ये बैल नहीं है! पाँव मार, पाँव!"

ड्रायव्हर झाल्यावर प्रथम घरी गेलो तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. आबा अंगणात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते. वर्षभर जू जिथे घासते ती जागा पोळ्याआधी अशी मळतात. शेजारचे तात्या ओरडले, "ड्रायवरसायब, तुमच्या लारीची शिंगं कुटं हायेत? रंग उरला हाये!" सगळे हसले, मीही हसलो. आबा हसले नाहीत.

"उद्या हाईस ना?"

"न्हाई. माल भरायचा हाये."

"या जनावरांना उद्या जू न्हाई. तुला हाये. मंग तू यांच्याहून मोटा कसा झाला?"

पोळ्याच्या सकाळी, शिंगे रंगवली जात असताना, मी साऱ्या गावासमोरून कामावर गेलो.

पुढच्या वर्षी लारीमालक शेठकडे सुट्टी मागितली.

"लारीला कुठे पोळा असतो?" ते म्हणाले.

"लारीला नाही. मला आहे."

"मग जा. लारी दुसरा कोणी नेईल."

म्हणजे परत आल्यावर जागा नसणार होती. लारी तेव्हा पुढून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय सुरू होत नसे. मी ते काढून घेतले आणि गावाची वाट धरली. नाक्यावर शिपायाने अडवले.

"ये क्या है?"

"लारीचं हँडल."

"और लारी?"

"वाशीमला बसली आहे. उद्या तिलाही जू नाही."

त्याने हँडल उलटसुलट पाहिले आणि मला सोडले.

आबा अंगणातच होते. "चोरून आनलं?"

"पोळा झाला की नेऊन देनार हाये."

"शेठनं हाकललं म्हंजे? हितं गाडी हाये."

"हाकलू द्या. दुसरी लारी पाहीन. गाडीवर न्हाई बसनार, आबा."

त्यांनी बैलाचा खांदा चोळून पुरा केला. मग रीतीप्रमाणे त्यांनी बैलांना आवतण दिले, उद्या जेवायला या म्हणून. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमीबी या." मला त्यांनी त्याआधी कधी अहो-जाहो केले नव्हते. तो टोमणा होता की मान, हे मी विचारले नाही.

शेठने हाकललेच. पुढच्या मालकाला मी आधी पोळ्याची अट सांगितली आणि मग पगार विचारला. तो चिडला. पण लढाईच्या दिवसांत ड्रायव्हर मिळत नव्हते. त्याने अट मान्य केली. नाका ओलांडून आलेल्या माझ्यासारख्या इतरांनाही मी हेच सांगतो. ते हसतात, आणि सणाच्या दिवशी माल भरतात.

आता वाशीमला माझी बायको आहे, लेकरे आहेत, भाड्याची खोली आहे. तिथे कुणी हाक मारली की मी उठतो. पोळ्याला शिरडला जातो. बैल थोरला भाऊ सजवतो, मी ओट्यावर बसून असतो, कुणी काही सांगितले तरी हलत नाही.

"भावजी, बैलंबी पानी प्यायला हौदावर जातात," वहिनी म्हणतात. "तुमाला हातात पायजे व्हय?"

"हातातच पायजे."

त्या पुटपुटत तांब्या आणून देतात. जिथे माझे हे चालते, त्याला मी घर म्हणतो.