मेजरसाहेबांच्या गिरवलेल्या वह्या

पोट आत ओढून आरशासमोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला वहिनी सरळ सांगायच्या, “सोडा तो श्वास. पॅन्ट तुम्हाला घालायची आहे, आरशाला नाही.” माणूस हसायचा, श्वास सोडायचा आणि कंबर दोन बोटं वाढवून घ्यायचा. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, आरसा आणि दारामागे कोणी न नेलेल्या कोटांची रांग. त्यातल्या एका कोटाचा मालक समोरच्याच घरात राहतो आणि वहिनी दिसल्या की रस्ता बदलतो, पण ते प्रकरण वेगळं.

मागच्या खोलीतल्या कपाटात, मऊ सुती कापडात गुंडाळून, सासऱ्यांच्या वह्या होत्या. सासरे पायदळात मेजर. लढाईच्या दिवसांत खंदकात बसून, गुडघ्यावर वही ठेवून, त्यांनी त्या पेन्सिलीने लिहिल्या. शाई थंडीत गोठते, पावसात पसरते. पेन्सिल तेवढी इमानी. आज गोळीबार कमी, कालपासून खंदकात पाणी, चहाला रॉकेलचा वास, अमका गेला, तमका सापडला नाही. सगळं असं तुटक. घरी आल्यावरही मेजरसाहेब तसेच बोलायचे म्हणतात. जेवण आवडलं तर “ठीक”, नाही आवडलं तरी “ठीक”. बायकोने जन्मभर त्या दोन ‘ठीक’मधला फरक ओळखण्यात घालवला.

ते गेल्यावर सासूबाईंनी वह्या उघडल्या, तर अक्षरं उडायला लागलेली. बाईंनी पेन घेतलं आणि पेन्सिलीवरून गिरवायला बसल्या. असं करू नये हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. उसवलं की शिवायचं, विटलं की रंगवायचं, पुसट झालं की गिरवायचं, हा त्या घराचा खाक्या. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी पेन सुनेच्या हाती दिलं. “तुझा हात स्थिर आहे. फक्त घाई करू नकोस. ते जातील तिकडे त्यांच्या मागून जा.”

दुपारी दुकानाचा पडदा ओढून वहिनी सासऱ्यांच्या मागून जात राहिल्या. हयातीत ज्या माणसाशी त्यांचं चहाच्या साखरेपलीकडे बोलणं झालं नव्हतं, त्याच्या प्रत्येक वेलांटीची त्यांना ओळख झाली. माणूस थकला की त्याच्या ओळी उजवीकडे कलायच्या, हे तर त्याच्या मुलांनाही माहीत नव्हतं.

मुलं दोन. थोरला म्हणजे वहिनींचे यजमान, ते आता नाहीत. धाकटी मुलगी, वहिनींच्या वन्सं. त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ती बातमी फक्त शाळेला कळली. बाकी सगळ्यांना त्या अजून रांगेत उभं करतात. वडील खंदकात असताना त्यांचा जन्म झाला आणि त्या वहीत त्यांचा उल्लेख नव्हता. तरुणपणी एकदा त्या वह्या चाळून म्हणाल्या होत्या, “उंदराबद्दल दीड पान आहे, वहिनी. माझ्याबद्दल अर्धी ओळ नाही.” आणि हसल्या होत्या. ते हसू वहिनींना सहन झालं नव्हतं.

वन्संच्या जन्माच्या महिन्यातल्या एका पानावर पाणी लागून एक ओळ साफ गेलेली होती. कापडाला भोक पडलं की त्याच रंगाचा तुकडा शोधून आतून रफू करायची वहिनींना सवय. त्यांनी सासऱ्यांच्या वळणात, किंचित उजवीकडे कलतं, लिहून टाकलं : ‘मुलगी झाल्याचं कळलं. घर डोळ्यांपुढून हलत नाही.’

सासूबाईंनी ते पान पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि वही मिटली. वन्संना मात्र ती ओळ सापडली तेव्हा त्या तिथेच, कोटांच्या रांगेत तोंड घालून रडल्या. पुढे प्रत्येक घरगुती समारंभात ती ओळ वाचली गेली. नातवंडांना ती पाठ झाली. वहिनी त्या वेळी नेमक्या पाणी आणायला आत जायच्या.

आता मेजरसाहेबांच्या पलटणीचं संग्रहालय उभं राहत होतं आणि वन्संनी वह्या द्यायचं कबूल केलं होतं. तिथून एक गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात भिंग होतं, म्हणून गल्लीने त्यांचं नाव लगेच भिंगवाले ठेवलं. इस्त्रीच्या टेबलावर वह्या मांडल्या गेल्या. भिंगवाल्यांनी चार पानं उलटली आणि त्यांचा चेहरा पडला.

“यावर शाई कोणी चढवली?”

“आमच्या आईने,” वन्सं म्हणाल्या, “आणि हिने. जपलंय आम्ही.”

“बाई, यापेक्षा उंदरांनी जपलं असतं तर परवडलं असतं.”

“तोंड सांभाळा,” वन्सं कडाडल्या. भिंगवाले नकळत सरळ उभे राहिले.

मग ते जरा मऊ झाले. म्हणाले, शाई काढता येत नाही, पण पेन्सिल दाबून लिहिलेली असली की कागदावर चर उरतो. खोलीत अंधार करून बाजूने प्रकाश टाकला की खालचं वाचता येतं. “जिथे पेन्सिल पार गेली आहे, तिथेही. एखादं तसं पान आहे का?”

“आहे ना,” वन्संनी खुणेची फीत न शोधताच ते पान काढलं. “हेच बघा. बाबांच्या हातचं बघू दे मला एकदा.”

भिंगवाल्यांनी खिडकी लावली आणि बॅटरी काढली.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या पुढे दोनच वाटा होत्या. बॅटरीला बोलू द्यायचं, किंवा आपण बोलायचं. कदाचित खाली खरंच तसंच काही असेल, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ज्या माणसाच्या मागून त्या इतकी वर्षं चालल्या होत्या, तो असं लिहिणारा नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

“वन्सं, ती ओळ मामंजींची नाही. पान धुतलं गेलं होतं. ती मी लिहिली.”

इस्त्रीच्या टेबलाची कड वन्संनी दोन्ही हातांनी धरली. भिंगवाले बिचारे बॅटरीकडे असे बघत राहिले, जणू गुन्हा तिनेच केला.

“का?” वन्संनी विचारलं.

“तुम्ही उंदरावरून हसलात म्हणून.”

“आईला माहीत होतं?”

“असावं. बोलल्या नाहीत कधी.”

“आणि मी ते नातवाच्या बारशात वाचलं, वहिनी! व्याह्यांसमोर! आणि तू आत पाणी पीत होतीस!”

“आणत होते.”

“कोणी मागितलं होतं?”

वन्सं वळल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “लावा बॅटरी.”

कागदावर तिरपा उजेड पडला. शाईच्या खालून चर उमटले. भिंगवाले एकेक शब्द लावत गेले. “पाय… काळे पडलेत. बूट निघत नाही. कोणाला… कोणाला सांगितलेलं नाही.”

“जिन्यावरून पडलो म्हणायचे,” वन्सं हळूच म्हणाल्या. “पायाची दोन बोटं नव्हती त्यांना. आम्ही चिडवायचो, बाबा, जिन्याने बोटं खाल्ली का? तेही हसायचे.” त्यांनी पदराने नाही, हाताच्या पाठीने नाक पुसलं, लहान मुलीसारखं. “पुन्हा वाचा.”

भिंगवाल्यांनी पुन्हा वाचलं. मग चाचरत म्हणाले, “ही वरची ओळ… नोंदीत काय लिहू? बनावट असं—”

“बनावट?” वन्संनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तेच त्यांच्या नाकासमोर धरलं. “लिहा. खालची ओळ वडिलांची, वरची भावजयीची. दोन्ही ठेवायच्या. आणि वहिनी, तू इकडे बस. बाकी पानांवर आणखी काय काय शिवून ठेवलंयस, ते आधी मला सांग.”

वहिनींनी स्टूल ओढलं आणि पहिली वही जवळ घेतली.