आठ भाग, चोवीस भाग आणि आई

जाहीर वादविवादात मी आजवर एकदाच हरलो आहे. (उतरलोही एकदाच होतो.) समोर माझी आई होती आणि विषय अवकाशयानाचा होता.

हे यान एका विज्ञानमालिकेतलं. मालिकेचं नाव सांगत नाही. अर्धे वाचक लगेच बाजू घेतील आणि माझी फजिती ऐकायची राहून जाईल. वाट चुकलेलं एक यान, त्यातली दहा-बारा माणसं आणि दर भागात नवा ग्रह, असा मामला वर्षानुवर्षं चालू आहे. पूर्वी एका सीझनमध्ये चोवीस भाग असायचे. आता असतात आठ. झालं! चाहत्यांचे दोन पक्ष पडले. चोवीसवाले म्हणतात, आठ भागांत गोष्ट गुदमरते. आम्ही आठवाले म्हणायचो, चोवीस भागांत निम्मा भुसाच असतो. आमच्या ऑनलाइन गटात यावरून इतकी जुंपली की गट चालवणाऱ्या हैदराबादच्या श्रीनिवासनं फर्मान काढलं : रविवारी दुपारी व्हिडिओवर समोरासमोर वाद घाला. जो जिंकेल तो वर्षभर गटाचा कॅप्टन!

आठवाल्यांतर्फे मी उभा राहिलो. आदिलाबादला माझं भांड्यांचं दुकान आहे. सहा ताटं घ्यायला आलेल्या माणसाला बारा विकतो, तेव्हा जिभेवर माझा भरवसा होता. चोवीसवाल्यांतर्फे होते भैंशाचे गिरीधर, तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. माणूस बोलतो हळू, पण सोडत नाही.

"घरी नोका बसू," माझी बायको सुनंदा म्हणाली. "वरच्या माळ्यावर फरशी कापून राह्यले. आईकडं जा."

आई तामसीजवळच्या आमच्या गावात राहते. थोडी कपाशी आणि वांग्यांचा मळा एका गड्याला हाताशी धरून सांभाळते. मी सकाळच्या बसनं पोचलो, तर आई मळ्यात. बरंच झालं! बैठकीत फोन ज्वारीच्या पोत्यावर टेकवून ठेवला. मागच्या भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. अवकाशावर बोलणाऱ्या माणसामागं युरिया बरा दिसत नाही. मग मी आईची पेटी उघडली आणि तिचं काळं, चंदेरी टिकल्यांचं ठेवणीतलं लुगडं काढून दोरीवर टांगलं. फोनमध्ये पाहिलं तर हुबेहूब आकाशगंगा! (स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की दार लावायचं विसरलो.)

वाद सुरू झाला. साठ-सत्तर लोक बघत होते. मी जोरात सुटलो. "आता हाच नमुना घ्या. तो म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाईचा भाग! यान बंद पडलंय आणि ती बया चाळीस मिनिटं एका पोरीला पीठ मळायला शिकवते. गोष्ट तसूभर पुढं जात नाही. हा भाग कापला असता, तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

"काऊन रे!" मागून आवाज आला. "माहं लुगडं काऊन टांगलं?"

हातात वांग्यांची टोपली घेऊन आई दारात उभी होती. तिनं लुगडं ओढलं. लुगड्याबरोबर दोरी आली, दोरीबरोबर खिळा, खिळ्याबरोबर भिंतीचा पोपडा. आकाशगंगा माझ्या डोक्यावर कोसळली. मी आत धडपडत असताना पायानं पोतं कलंडलं आणि फोन घरंगळून थेट आईपुढं जाऊन पडला. मी लुगड्यातून तोंड बाहेर काढेपर्यंत आईनं तो उचलला होता.

"कोन हाय हे लोक?"

"आई, ठेव तो! लाइव्ह चालू आहे!"

"चालू राहू दे. त्या सैपाकीनबाईबद्दल काय बोलून राह्यला व्हता तू?"

मला कळेना. आईला ती बाई कशी माहीत? मग आठवलं. मागं पाय मोडला तेव्हा आई तीन महिने आमच्याकडं होती. मी दुपारी जेवायला आलो की हिंदीत डब केलेले जुने सीझन लावायचो. आई भिंतीला टेकून डोळे मिटायची. मी समजायचो, झोपली!

"म्या सारे भाग पाह्यले," आई म्हणाली. "तू दुकानात गेल्यावर सुनंदा लावून देये. आता माह्या फोनवर नवेबी पाह्यते."

(सुनंदा! आमच्याच घरात चोवीसवाल्यांचा अड्डा होता आणि मला पत्ता नाही!)

"आई, नंतर बोलू," म्हणत मी फोन ओढायला गेलो, तेवढ्यात फोनमधून श्रीनिवास ओरडला, "अम्मा को बोलने दो भाई!"

आई बोलली. टोपली खाली ठेवून, पदर नीट करून, फोनकडं सरळ बघत बोलली.

"त्या दिशी त्या बाईनं पोरीले पीठ मळाले शिकोलं, म्हून ते माह्या घरची झाली. पुढं चार भागांनं ते मेली, तवा माह्या गळ्याखाली घास नाई उतरला. आता नव्या सीझनात काय करतेत? दुसऱ्याच भागात तीन मानसं मारून टाकतेत. मले त्याइचे नावंबी पाठ झाले नवते. रडू कोनासाठी?"

मी शेवटचं हत्यार काढलं. "आणि तो दगडांच्या ग्रहाचा भाग? सगळे चाळीस मिनिटं दगडाशी बोलतात!"

"तो भंगारच व्हता. म्या तवा शेंगा सोलल्या."

"मग? मान्य कर ना!"

"कापूस एकाच येचनीत घरी येते का रे? तीनदा जा लागते. एखाद्या येचनीत नुसता खराब, कवडी कापूस निंगते, म्हून सारं वावर सोडून देतेत का?" आई थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मले तीन लेकरं. एक असं निंगालं, म्हून म्या बाकीचे दोन टाकून देल्ले का?"

फोनमध्ये हशा फुटला. भैंशाचे गिरीधर डोळे पुसत म्हणाले, "मावशी, मी चोवीसवाल्यांकडून बोलणार होतो. आता बोलायचं काही राहिलंच नाही." मतं घेतली. आईला सगळी मिळाली. एक माझं सोडून, आणि खरं सांगतो, तेही मी शेवटी तिलाच दिलं. काय करू? रागानं कान तापले होते, पण छाती अशी भरून आली होती की लुगडं अजून खांद्यावर आहे याचंही भान नव्हतं. जिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, ती सत्तर माणसांना गोष्ट कशी सांगावी ते शिकवत होती आणि ती माझी आई होती!

कॅप्टनला भेटायला म्हणून पुढच्या रविवारी गिरीधर बायकोला घेऊन गावात आले. मीही मुद्दाम गेलो. गावातल्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणालो, "या या! मी त्यांचा मुलगा!"

"वा! बरं झालं, तुम्हीच भेटले," म्हणत गिरीधरांनी माझ्या हातात फोन दिला. "आमचा मावशींसंगं एक फोटो काढा ना."

अभिमानानं आईकडंच बघत मी बटण दाबलं आणि फोटो हलला. आईनं तो पाहिला आणि मळ्यातल्या गड्याला हाक मारून फोन त्याच्याकडं दिला.